मागच्या गल्लीतलं दार

आमच्या घरात पगाराचा आकडा मोठ्यानं सांगायची पद्धत नव्हती. आप्पा परभणीत एका कचेरीत कारकून होते. पहिल्या तारखेला पाकीट आईच्या हातात द्यायचे, आई ते देवापुढं ठेवायची, आणि पुढं महिनाभर त्या पाकिटाचं काय होतं हे दादाला आणि मला कधी कळलं नाही. ताटात भाकरी आणि वरण वेळेवर यायचं एवढं खरं. म्हणून दादाला पुण्यात नोकरी लागली आणि त्याचा पगार वसमत रोडच्या आतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक झाला, तेव्हा मला उगाच लाजल्यासारखं झालं. सांगितलं आप्पांनीच होतं, राहवलं नाही त्यांना. जन्मभर फायली उपसून त्यांना शेवटी शेवटी जेवढं मिळायला लागलं, तेवढं पोराच्या हातात पहिल्याच महिन्यात पडलं. मग गिरणीवाला काय, दूधवाला काय, पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलो तिथं भेटलेला कुणी लांबचा मामा काय, जो तो म्हणायचा, "आता काय आप्पा, पाची बोटं तुपात!" आप्पा हसून मान डोलवायचे.

दादा पुण्यात राहतो कसा, हे मात्र कुणी विचारत नसे. फोनवर तो "मजेत हाय" म्हणायचा आणि विषय बदलायचा. आई दर महिन्याला ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ पिशवी द्यायची. त्यात ज्वारीचं पीठ, आमटीला लावायचं येसर, शेंगदाण्याची चटणी, कधी कागदात बांधलेले धपाटे. एवढा पगार असलेल्या माणसाला पीठ कशाला पाठवायचं, असं मी एकदा विचारलं, तर आई म्हणाली, "पगार कालवून खाता येतो का?" नंतर एकदा आप्पा पुण्याला जाऊन आले. दोन खोल्यांत सहा पोरं, सकाळी न्हाणीपुढं रांग, आणि त्या दोन खोल्यांचं भाडं ऐकून आप्पांनी म्हणे हातातला चहाचा कप खाली ठेवला होता. परत आल्यावर ते आईला म्हणाले, "पोरगं लय हालात हाय गं. नुसतं कमावतंय."

त्याच सुमारास दादाच्या सोयरिकीसाठी पालमचे पाहुणे आले. मुलगी शिकलेली, बापाचं सिमेंट-लोखंडाचं दुकान, माणसं बोलायला मोकळी. पुढच्या खोलीत मुरमुऱ्याच्या सुशील्याच्या बशा फिरल्या, कोण कुणाचा कोण याची उजळणी झाली, आणि मुलीच्या वडिलांनी बशी खाली ठेवून आप्पांना विचारलं, "पाहुणे, पगार ऐकलाय आमी. पण पुण्यात नीट राहायला पगार किती लागतो, याचा तुमाला काई अंदाज हाय का?"

आप्पांना अंदाज होता, पण तो सांगण्यासारखा नव्हता. ते म्हणाले, "भागतंय त्याचं."

"भागायचं न्हाई म्हणत मी. नीट राहायचं म्हणालो. माझी थोरली तिकडंच हाय. दर अकरा महिन्याला तिचं बिऱ्हाड टेंपोत. भाड्याच्या घरात पगार कितीबी येऊ द्या, चाळणीत पाणी. पोराला फ्लॅट घेऊन द्या, आमी दुसऱ्या दिवशी सुपारी फोडायला येतो."

माणूस वाईट नव्हता. आता मला दोन मुली आहेत आणि मी हेच वाक्य थोड्या गोड शब्दांत बोलेन याची मला खात्री आहे. पण त्या दिवशी पाहुणे गेल्यावर आप्पा बराच वेळ त्या रिकाम्या बशांकडं बघत बसले. आम्ही सगळे तिघं तिथंच होतो आणि कुणीच बशा उचलल्या नाहीत.

आप्पा नुकतेच रिटायर झाले होते. हातात आलेली रक्कम फ्लॅटच्या सुरुवातीच्या भरण्यात जाणार हे ठरूनच गेलं, त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. खरी अडचण पुढची होती. दर महिन्याचा हप्ता एवढा मोठा होता की तो भरला तर दादानं जेवायचं कशानं, आणि जेवला तर हप्ता कशानं भरायचा. दादा फोनवर म्हणाला, राहू द्या आप्पा, माझ्यानं होणार नाही. तेव्हा आप्पांनी एक वाक्य टाकलं, जे मी फोनजवळच उभी राहून ऐकलं: "हप्त्याला कमी पडल ते मी पाठवत जाईन. पेन्शन पुरून उरायलीय. आमा दोघाला काय लागतंय?"

मी तिसरी तिथंच उभी होते, पण तो मुद्दा नाही. मुद्दा हा की दादानं ते खरं मानलं. त्याला ते खरं मानणं सोयीचं होतं. हे मी त्याला दोष द्यायला लिहीत नाही. तशा सोयीच्या गोष्टी खऱ्या मानण्यात माझा हात कुणी धरणार नाही, ते पुढं येईलच.

आमचं घर म्हणजे रस्त्याकडून तीन खोल्या, त्यामागं स्वयंपाकघर, त्यामागं अंगण आणि अंगणाच्या टोकाला पत्र्याचं शेड. शेडमध्ये मोडकी सायकल, जळण आणि कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं सगळं सामान. शेडच्या बाजूनं मागच्या गल्लीत उघडणारं एक लहान दार होतं, ते फक्त कचरा टाकायला उघडायचं. वसमत रोडवर तेव्हा ट्यूशनचं पेव फुटलं होतं. जिल्ह्यातल्या गावागावांतून पोरी डॉक्टर व्हायला परभणीत यायच्या आणि त्यांच्या बापांना खोल्या मिळत नसत. हप्ता सुरू व्हायच्या आत चार पैसे गाठीला पडावेत म्हणून त्या उन्हाळ्यात आमच्या पुढच्या तीन खोल्यांत सहा मुली आल्या. त्यांच्या जेवणाचं आईनं घेतलं. आई आणि मी स्वयंपाकघरात झोपायला लागलो, आणि आप्पांची खाट शेडमध्ये गेली.

दादाला हे सांगायचं नाही, असं आईनं मला बजावलं. "त्याला कळलं तर फ्लॅट घेणार न्हाई, आन् फ्लॅट न्हाई तर लग्न न्हाई." मला ते पटलं. पंधराव्या वर्षी घरात एक गुपित असणं ही तशी मोठी चैन असते.

मुलींच्या बापांपैकी एक देवगाव फाट्याचे होते. त्यांची मुलगी कावेरी, सहा जणींत सगळ्यात हुशार आणि सगळ्यात आगाऊ. तिचे वडील सगळं घर बघून झाल्यावर पुढच्या खोलीत बसले आणि म्हणाले, "जागा चांगली हाय. फकस्त घरात पुरुष माणूस नको बगा. आमची एवढीच अट हाय." हे ते आप्पांनाच सांगत होते. हातात आप्पांनी आणून दिलेला चहा होता. आप्पा म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. पोरीचा मामला हाय."

आप्पांचं अक्षर कचेरीत नावाजलेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा सरळ करून त्यावर ऑइलपेंटनं लिहिलं: 'फक्त मुलींसाठी. पुरुषांना आत येण्यास सक्त मनाई आहे.' वेलांट्या अशा की बघत राहावं. ती पाटी त्यांनी स्वतःच्या हातानं पुढच्या फाटकाला तारेनं बांधली, दोन पावलं मागं सरकून सरळ आहे का बघितली, आणि मग वळसा घालून मागच्या गल्लीतून घरात आले. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. मुलींच्या बापांनाही त्यांनी पुढून यायला हरकत नसावी. पण आप्पा नियम पाळणारे माणूस होते आणि हा तर त्यांनी स्वतः लिहिलेला. त्या गल्लीत उघडी नाली होती, एकाच्या म्हशी बांधलेल्या असत, पावसाळ्यात दगडांवर पाय देत यावं लागे. आप्पा पिशवी सांभाळत त्या दगडांवरून यायचे आणि स्वयंपाकघराच्या दारात आधी खोकायचे, कुणी मुलगी जेवत असली तर तिला अवघडू नये म्हणून. चार-सहा महिन्यांत तो खोकला त्यांच्या अंगवळणी पडला. आम्ही दोघीच असलो तरी ते खोकूनच आत यायचे.

आणि मी काय करत होते? मी मजेत होते. हे लिहिताना बोट अडखळतं, पण खरं ते हेच आहे. एका रात्रीत मला सहा थोरल्या बहिणी मिळाल्या होत्या. सकाळी जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजानं आणि पुढच्या खोलीतून येणाऱ्या घोकंपट्टीनं. एकजण बेडकाचं हृदय पाठ करायची, दुसरी तिच्यावर आवाज चढवून रसायनशास्त्र म्हणायची, आणि कावेरी दोघींना दामटून रेडिओ लावायची. त्यांनी माझ्या वेण्या घातल्या, मला भुवया कोरायला शिकवल्या, पिनांची देवाणघेवाण चालायची. संध्याकाळी अंबाडीची भाजी आणि भाकरी खायला आम्ही सगळ्या अंगणात गोल करून बसायचो आणि हसायचो, कशावर ते आठवत नाही. परभणीच्या वैशाखात पत्र्याखाली दुपारी माणूस कसा राहत असेल, हा विचार अंगणाच्या त्या टोकाला बसलेल्या आप्पांकडं बघून मला एकदाही आला नाही. पत्र्यावर ओलं पोतं टाकलेलं दिसायचं. मला ते जळणावर टाकलंय असं वाटायचं. खरंच वाटायचं का, आता सांगता येत नाही.

दिवाळीला मुली गावी जायच्या आणि दादा यायचा. त्या मधल्या एका दिवसात आम्ही घर परत पहिल्यासारखं करायचो. ट्रंका शेडमध्ये, आप्पांची खाट पुढच्या खोलीत, पाटी धान्याच्या कोठीमागं. भिंतीवर मुलींनी पेन्सिलनं सूत्रं लिहून ठेवली होती, त्यांवर कॅलेंडर. मला या कामाचा भारी उत्साह असे, जणू स्नेहसंमेलनाची तयारी. दादा आला की आत पाऊल टाकताच म्हणायचा, "आई, घरात खोबरेल तेलाचा वास यायलाय गं." आई म्हणायची, "फराळाचा असंल." फराळात खोबरेल तेल कुठून येईल हे दादाला कळत नव्हतं असं नाही. एकदा दिवाणाखाली त्याला केसाची गुलाबी पिन सापडली, ती मी माझी म्हणून घेतली. आप्पांची पाठ दुखते म्हणून त्यानं पुण्याहून एक जाडजूड गादी आणली होती. आप्पा तिच्यावर बसून म्हणाले, "वा, लय मऊ हाय." चार दिवस झोपले असतील. पुढं वर्षभर त्या गादीवर कावेरी झोपली.

परीक्षा तोंडावर आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. सकाळची वेळ, आई चुलीपुढं, मी शाळेचं आवरत होते. पुढून कावेरीचा आवाज आला. ती नळावर दात घासत होती.

"ओ भैय्या, कुठं चाललाव? इथं पोरी राहतेत. पाटी दिसत न्हाई का?"

मग एक पुरुषाचा आवाज, हळू, मला नीट ऐकू आला नाही. पुन्हा कावेरी: "आप्पा हायत की. पण ते मागून येतेत. तुमी बी मागल्या गल्लीनं जावा. तिकडून दार हाय."

मी पुढं धावले तोपर्यंत फाटकात कुणी नव्हतं. कावेरी तोंडातला फेस थुंकत म्हणाली, "कोण होतं कुणास ठाऊक. पाटी वाचली, पुन्हा वाचली, आन् हातात पेढ्याचा पुडा घेऊन नुसताच हुभा."

मी मागं आले तेव्हा दादा मागच्या दारातून आत शिरला होता. त्याच्या बुटांना नालीचा चिखल लागला होता. आप्पा शेडबाहेर पत्र्याला आरसा टांगून दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण, अर्धा गाल मोकळा. आतली खाट, तिच्यावरची गोधडी, दोरीवरचा सदरा, खाटेखालची सायकल, सगळं दादाला एकदम दिसत होतं. लपवायला आमच्यापाशी या वेळी मधला दिवस नव्हता.

"आप्पा, तुमी इथं कामून?" दादा म्हणाला.

आप्पा वस्तरा खाली करून म्हणाले, "येतो म्हणून कळवायचं तरी." चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा तो आवाज होता. आपल्या बापाचा असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही.

दादा फ्लॅटचं बुकिंग करून, तोंडानं सांगायचं म्हणून रातोरात बसून आला होता. ते पेढे त्याचेच. आईनं त्याला पाट दिला, चहा दिला. तो चहा तसाच ठेवून त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुला माहीत होतं?" मी होकाराची मान हलवली. तो मला रागावला असता तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

"मी बुकिंग मोडतो," तो म्हणाला. "मला नको असलं घर. माझ्या बापाला त्याच्याच घरात यायला बंदी, आन् मी तिकडं काय टाईल्स निवडत बसू का?"

आता आप्पा चिडले. साबण तसाच वाळत होता. "मोडायचं तर मला विचारून मोड. फ्लॅटच्या शब्दावर सुपारी फुटली हाय. पालमकराला काय सांगू? तुज्या पोरीनं अकरा महिन्याला टेंपोत बसावं म्हणू का?"

"भाड्यानं राहतेत की लोक!"

"राहतेत. तुला बगून आलोय मी, कसं राहतेत ते."

आई मध्ये पडली. तिचे हात पिठाचे होते. "अरे, रागं भरून काय होतंय? पोरींनी वर्षाची फी देऊन ट्यूशन धरली हाय. त्यायला परीक्षेच्या तोंडावर कुठं घालवू? त्यायचे बी बाप हायत." दादा भिंतीला टेकून बसला आणि रडला. सत्तावीस वर्षांचा, टाय लावून कामाला जाणारा माणूस, पिठाच्या डब्याशेजारी बसून रडत होता, आणि आप्पा त्याच्या बुटांचा चिखल काडीनं काढत बसले, कारण त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

आईनं पेढे पुढं पाठवले. कावेरीनं विचारलं, "कशाचे?" मी म्हणाले, "दादानं पुण्याला घर घेतलं." तिला मग कळलं आपण कुणाला हटकलं ते. ती बिचारी लालबुंद होऊन मधल्या दारापर्यंत आली. "भैय्या, चुकलं. या की पुढं, तुमचंच घर हाय." दादा डोळे पुसून हसला. "नको. नियम हाय ना. चांगला हाय नियम." आणि तो जाताना मागच्या गल्लीनंच गेला.

फ्लॅट मोडला नाही. मोडता येण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं. सुपारी, ट्यूशन, रिटायरमेंटचे पैसे, सगळं एकात एक अडकून बसलं होतं. एवढंच झालं की त्यानंतर दिवाळीला आम्ही घर लावायचं बंद केलं, आणि दादा आला की तोही शेडमध्ये आप्पांच्या खाटेजवळ चटई टाकून झोपायचा. मुली पास होऊन गेल्या, दुसऱ्या आल्या, त्याही गेल्या. पाटीचा रंग उडाला तेव्हा आप्पांनी ती पुन्हा रंगवली. कावेरी आज खरोखरच डॉक्टर आहे. दिवाळीला आईला फोन करते.

फ्लॅटमध्ये दोन खोल्या आणि हॉल होता. दोनपैकी एका खोलीला दादा पहिल्यापासून 'आप्पांची खोली' म्हणायचा. वहिनीही म्हणायची. पालमची असून तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. पण आप्पांना सवड कुठं होती? मुलींचं दळण कोण आणणार, त्यांचा गॅस कोण बघणार? त्या खोलीत शेवटी मी राहिले. बारावीनंतर चार वर्षं, खिडकीतून वारं येतं अशा खोलीत, पंख्याखाली, मऊ गादीवर. पुण्यातली मैत्रिणींची घरं बघून मला कळायचं की मी सुखात आहे. आप्पा त्या खोलीत सगळ्या मिळून दोन रात्री झोपले. आता ते नाहीत.

परवा माझी थोरली मोबाइलवर काहीतरी वाचत होती. या शहरात आरामात राहायचं तर घरात महिन्याला किती यायला हवं, असा कुणीतरी हिशेब मांडला होता. घरभाडं, हप्ता, शाळा, किराणा, सगळं धरून. तिनं आकडा वाचून दाखवला आणि विचारलं, "आई, आपण यात बसतो का गं?" मी म्हटलं, बसतो. बसतोच आम्ही. दोघांचे पगार आहेत, घर स्वतःचं आहे, आणि ते घ्यायची सुरुवात कुठून झाली हे मला ठाऊक आहे: दादाच्या घरी मी चार वर्षं फुकट राहून शिकले, तिथून. आणि दादाचं घर कुठून आलं, हेही ठाऊक आहे. ते काही मी तिला सांगितलं नाही. भाजी करपली म्हणून उठून गेले.

पण त्या आकड्यानं मला वास्तुशांतीचा दिवस आठवला. पालमचं सगळं गोत एका टेंपोत आलं होतं. हॉलमध्ये होमाचा धूर, दारात बायकांची दाटी, वहिनीचे वडील हातात पान-सुपारीचं तबक घेऊन ज्याला त्याला टाईल्स दाखवत होते. आप्पांना गुरुजींनी काहीतरी आणायला खाली पिटाळलं होतं, केळीची पानं असावीत. बऱ्याच वेळानं दादा म्हणाला, आप्पा कुठं गेले बघ. मी बाहेर आले तर ते जिन्यात उभे. धोतर नवं, टोपी नवी, काखेत पानं. दार सताड उघडं होतं आणि ते त्याच्यापासून चार हात लांब, भिंतीला चिकटून उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. मला बघून ते आधी खोकले.

"चला ना आप्पा आत."

"पुढं बायकामाणसं हायत गं," ते हळूच म्हणाले. "मी मागून येतो. मागचं दार कोन्या बाजूला हाय?"

माझ्यामागं वहिनीचे वडील आले होते, त्यांनी ते ऐकलं. "आवो पाहुणे, ही पुण्याची बिल्डिंग हाय! हिला एकच दार असतंय!" दारातल्या बायका हसल्या, आतली माणसं हसली. आप्पाही ओशाळून हसले. मीसुद्धा हसले, चांगली मोठ्यानं.

दादा होमापुढून उठला. गुरुजी बसा बसा म्हणत असताना तसाच बाहेर आला, आप्पांच्या काखेतली पानं त्यानं घेतली आणि दारातल्या बायकांना म्हणाला, "जरा बाजूला व्हा. ज्यांचं घर हाय, त्यांना आत येऊ द्या."